निद्रेतील दंतघर्षण आणि झिजलेले दात : वैद्याचे व औषधविक्रेत्याचे कर्तव्य

साखर कारखान्यात रात्रपाळीवर यंत्र सांभाळणारे एक चव्वेचाळीस वर्षांचे गृहस्थ काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात आले. थंड पाणी प्यायले की पुढच्या दातांतून कळ निघते आणि चिंच-कैरी तोंडात घातली की दात आंबतात, एवढीच त्यांची तक्रार होती. आम्ही मुखपरीक्षण केले, पण ते घाईचे. केसपेपरवर ‘दंतहर्ष’ असे लिहिले आणि बाभळीची साल, गेरू, सैंधव व तुरटीची लाही यांचे आमचेच मंजन दिवसातून दोन वेळा बोटाने चांगले चोळण्यास सांगितले. जोडीला त्रिफळा क्वाथाचे गंडूष दिले. चार महिन्यांनी गृहस्थ परत आले ते कळ वाढल्याचे सांगतच. या खेपेस पत्नी सोबत होत्या. त्या सहज बोलून गेल्या, “रात्री हे जात्यावर मीठ दळावं तसे दात खातात. मी आता दुसऱ्या खोलीत निजते.”

हा प्रश्न आम्ही पहिल्या भेटीत विचारलाच नव्हता. विजेरीच्या प्रकाशात नीट पाहिले तेव्हा वरचे व खालचे सुळे टोकाशी सपाट आणि काचेसारखे चकचकीत झालेले दिसले. खालचा जबडा किंचित डावीकडे सरकवण्यास सांगताच हे दोन सपाट भाग एकमेकांवर तंतोतंत बसले. पुढच्या दातांच्या कडेवर पांढऱ्या कवचाच्या आत पिवळसर पट्टा उघडा पडला होता. त्या उघड्या पट्ट्यावर आम्ही चार महिने गेरू चोळवला होता. रात्रीचे जाते रुग्णाचे होते, दिवसाचे आम्ही दिले होते.

ही चूक एकट्या आमची असती तर ती केसपेपरातच राहिली असती. तथापि समव्यवसायी मित्रांशी बोलताना असे आढळले की दात आंबण्याच्या तक्रारीवर मंजन देणे हा आपल्या व्यवसायात जणू हाताचा मळ झाला आहे. औषधविक्रेत्याच्या दुकानात तर ग्राहकाने ‘दात शिवशिवतात’ असे म्हणताच फळीवरून मंजनाची बाटली खाली उतरते. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडण्याचे योजले आहे.

संहितांतील स्थान

निद्रेतील दंतघर्षण या नावाचा स्वतंत्र व्याधी बृहत्त्रयीत नाही. सुश्रुताने दंतगत रोग आठ सांगितले आहेत : दालन, कृमिदंतक, दंतहर्ष, भंजनक, दंतशर्करा, कपालिका, श्यावदंतक व हनुमोक्ष. यांपैकी भंजनक म्हणजेच हा विकार, असे मत काही मंडळी मांडतात. आम्हास ते पटत नाही. भंजनकात दात तीव्र वेदनेसह भंगतात आणि मुखही वक्र होते. झोपेत दात खाणाऱ्याचे मुख वक्र होत नाही व दात भंगत नाही, तो झिजतो. कपालिकेत दाताचे कपचे साठलेल्या शर्करेसह सुटतात, तेही येथे घडत नाही. झीज झाल्यानंतर जे लक्षण रुग्ण घेऊन येतो ते मात्र निःसंशय दंतहर्षाचे असते : शीत, उष्ण व नुसता स्पर्शही दातांना सहन न होणे. म्हणजे आम्ही लिहिलेले निदान चुकीचे नव्हते, ते अपुरे होते. हर्ष कशामुळे झाला, हा प्रश्न आम्ही सोडून दिला होता.

वाग्भटाने बालग्रहांची सामान्य लक्षणे सांगताना ओठ व दात चावणे आणि जागरण यांचा उल्लेख एकाच ओघात केला आहे. ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आजचे निद्राशास्त्र जवळजवळ याच ठिकाणी पोहोचले आहे. त्याविषयी पुढे येईल.

दात हे सुश्रुताच्या वर्गीकरणात रुचकास्थी होत. अस्थी हे वायूचे आश्रयस्थान, आणि दंतभेद व दंतशैथिल्य यांची गणना चरकाने वाताच्या ऐंशी विकारांत केली आहे. त्यामुळे चिकित्सेची दिशा वातहर व स्नेहप्रधान असावी यात दुमत नसावे. अडचण आहे ती पुढच्या उडीची. दात अस्थी आहेत, अस्थीस प्रवाळ-शंखादी भस्मे पोषक आहेत, सबब भस्म दिल्याने झिजलेला दात भरून येईल, असा तर्क अनेकदा ऐकू येतो. तो टिकत नाही. इनॅमल हे दातावरील कवच वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजाचे असते आणि ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते ते त्यात जिवंत पेशी असतात म्हणून. इनॅमलमध्ये त्या उरलेल्याच नसतात. लाळेतील खनिजांमुळे व फ्लोराइडमुळे मऊ पडलेला पृष्ठभाग पुन्हा काहीसा कठीण होतो, पण घासून गेलेली जाडी परत येत नाही. दाढेच्या उंचवट्यावर ही जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर असते. त्याखालचे डेंटिन मऊ असते आणि एकदा उघडे पडले की झीज वेगाने पुढे सरकते. डेंटिनच्या आतल्या बाजूस दात स्वतःच नवा थर घालीत असतो आणि शिरेचे रक्षण करू पाहतो. शरीराची दुरुस्ती एवढीच. पोटातून दिलेल्या कोणत्याही भस्माने कडा परत वाढते असे रुग्णास सांगू नये.

झोपेत काय घडते

दिवसभरात खाणे व गिळणे मिळून वरच्या-खालच्या दातांचा एकमेकांशी स्पर्श जेमतेम वीस मिनिटे होतो असे मानले जाते. बाकीच्या वेळी, ओठ मिटलेले असले तरी दात अलग असतात. झोपेत दात खाणाऱ्यात हे गणित बिघडते. जागेपणी वेदनेची जाणीव हा चावण्याच्या जोरावरचा लगाम असतो, झोपेत तो सुटतो. त्यामुळे कित्येकांत रात्रीचा जोर दिवसा मुद्दाम लावलेल्या जोराइतका किंवा त्याहूनही अधिक भरतो.

पूर्वी असे समजत की दात एकमेकांवर नीट बसत नाहीत म्हणून माणूस ते घासतो. हे मत आता मागे पडले आहे. चर्वणस्नायूंची ही लयबद्ध हालचाल बहुधा हलक्या झोपेत, मेंदू क्षणभर जागा होतो त्या वेळी घडते. आधी हृदयाची गती वाढते आणि मग जबडा चालू लागतो. वाग्भटाच्या दंतदंश व प्रजागर या जोडीची आठवण येथे होते. प्रौढांत शंभरात सुमारे आठ ते दहा जणांत हा प्रकार आढळतो, मुलांत त्याहून अधिक, वृद्धांत कमी. विविध देशांतील तज्ज्ञांनी २०१८ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, अन्यथा निरोगी असलेल्या माणसात हा रोग नव्हे, केवळ स्नायूंची एक क्रिया आहे. तिचे परिणाम मात्र रोगासारखे होऊ शकतात.

झोपेतील हे क्षणिक जागेपण कशाने वाढते, हे वैद्याने विचारलेच पाहिजे. मानसिक ताण हे उत्तर सर्वांना ठाऊक असते आणि तेथेच चौकशी थांबते. तंबाखू, मद्य व रात्री उशिराचा चहा-कॉफी यांचा संबंध स्पष्ट आहे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन यांसारखी नैराश्यावरील औषधे सुरू केल्यानंतर काही आठवड्यांत दात खाणे सुरू झालेले रुग्ण आढळतात. अशा रुग्णास ते औषध आपल्या मताने बंद करावयास कदापि सांगू नये. मनोविकारतज्ज्ञांस चिठ्ठी लिहावी. रात्री आंबट पाणी घशाशी येणे हाही एक धागा आहे. मात्र सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित धागा घोरण्याचा आहे. ज्यास स्लीप ॲप्निया म्हणतात, त्या निद्रेतील श्वासरोधात रुग्ण रात्रीतून अनेकदा गुदमरून अर्धवट जागा होतो, आणि दात खाण्याशी त्याची संगत पुष्कळांत दिसते. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडणे, दिवसा पेंग येणे, आखूड जाड मान, वाढलेला रक्तदाब, यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की रुग्णास निद्रापरीक्षणासाठी पाठवावे. येथे केवळ दातांचा प्रश्न उरत नाही.

विजेरी आणि दोन प्रश्न

निदानास यंत्र लागत नाही. पहिला प्रश्न रुग्णाशेजारी निजणाऱ्यास : रात्री दातांचा आवाज येतो काय? दुसरा रुग्णास : सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला किंवा कानशिले दुखरी असतात काय? मग रुग्णास दात आवळावयास सांगून गालावर व कानशिलावर बोटे ठेवावीत. चर्वणस्नायूची टणक गाठ हातास लागते, कित्येकांचा चेहरा त्यामुळे चौकोनी दिसू लागलेला असतो. जिभेच्या कडेवर दातांचे ठसे आणि गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी आडवी रेघ, ही दोन चिन्हेही पाहावीत.

यापुढचा भाग अधिक काळजीचा आहे, कारण झिजलेला प्रत्येक दात घर्षणानेच झिजलेला असतो असे नाही. दातावर दात घासल्याने झालेली झीज सपाट, चकचकीत आणि जोडीदार असते. वरच्या दातावरील सपाटीस खालच्या दातावर जुळणारी सपाटी सापडते. आम्लाने झालेली झीज निराळी दिसते. दाढेच्या उंचवट्यांवर बशीसारखे खळगे पडतात, जुने सिमेंट वा चांदी भरलेली असेल तर ती सभोवतालच्या दातापेक्षा उंच राहते, आणि दात खालच्या दातास जेथे टेकतच नाही तेथेही कवच पातळ झालेले असते. वरच्या पुढील दातांची आतली, टाळूकडची बाजू गुळगुळीत होऊन झिजली असेल तर आम्ल पोटातून वर येत आहे असे समजावे आणि अम्लपित्ताची चौकशी करावी. तिसरा प्रकार हिरडीलगतच्या खाचेचा. ब्रश किंवा मंजनाचे बोट आडवे व जोराने फिरवल्याने दाताच्या मानेशी पाचरीच्या आकाराची खाच पडते. उजव्या हाताने घासणाऱ्यात ती बहुधा डाव्या बाजूस अधिक खोल असते.

प्रत्यक्षात हे तिन्ही प्रकार एकत्र सापडतात. आम्लाने मऊ केलेले कवच रात्रीच्या घर्षणाने कितीतरी लवकर जाते. आमच्या रुग्णात हेच झाले होते. पाळीवर जाताना लिंबूपाणी, पाळीभर तंबाखू आणि चहा, आणि वर आमचे मंजन. आणखी एक सावधगिरी : झीज ही गतकाळाची नोंद आहे. दहा वर्षांपूर्वी दात खाण्याची खोड जडली आणि पुढे ती सुटली, तरी सपाट दात तसेच दिसतात. म्हणून आज खोड चालू आहे काय हे स्नायूंवरून व शेजारी निजणाऱ्याच्या सांगण्यावरून ठरवावे, केवळ दातांवरून नव्हे.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील ज्या गावांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे, तेथील रुग्णांत तपकिरी डाग पडलेले ठिसूळ इनॅमल भेटते. तीव्र प्रकारात ते कपच्यांनी सुटते, आणि दात खाण्याचा दोष नसतानाही दात झिजलेले दिसतात. तेथील वैद्यबंधूंना हे सांगावयास नको.

मंजन, आंबट रस आणि आपली औषधे

सुश्रुताने मुखरोगचिकित्सेत दंतरोग्यास वर्ज्य गोष्टींची यादी दिली आहे : आंबट फळे, थंड पाणी, रूक्ष अन्न, दंतधावन आणि अतिकठीण भक्ष्य. दंतधावन या शब्दाजवळ आपण थांबत नाही, हे आश्चर्य आहे. दिनचर्येच्या अध्यायातही दंतकाष्ठास अपात्र अशा रुग्णांत दंतरोग्याची गणना आहे, आणि निरोगी माणसासही मृदू कूर्चाने, एकेक दात, हिरडीस बाधा न पोहोचू देता घासावयास सांगितले आहे. याचा अर्थ तोंड अस्वच्छ ठेवावे असा नव्हे. खरखरीत घर्षण दुखऱ्या दातास नको, हा त्याचा आशय आहे आणि तो आजच्या ज्ञानाशी पूर्णतः जुळतो.

औषधनिर्मात्यांनी व विक्रेत्यांनी येथे जरा थांबावे, अशी विनंती आहे. खनिजांचे काठिण्य मोजण्याच्या मोह्सच्या प्रमाणात इनॅमल सुमारे ५, डेंटिन ३ ते ४ आणि खडू ३ असा क्रम लागतो. गेरूतील लोहखनिज ५ ते ६ पर्यंत जाते, आणि गेरूत हमखास मिसळलेली वाळू ७ असते. म्हणजे खडू इनॅमलला ओरखडत नाही, वाळू निश्चित ओरखडते. वस्त्रगाळ केल्याने कण बारीक होतो, त्याचे काठिण्य कमी होत नाही. आम्ही आता एक साधी परीक्षा करतो. सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्यांमध्ये चिमूटभर मंजन व पाण्याचे दोन थेंब घेऊन पट्ट्या पन्नास वेळा एकमेकींवर घासाव्यात, धुवाव्यात आणि उजेडात तिरप्या धराव्यात. काचेचे काठिण्य साडेपाचच्या आसपास, म्हणजे इनॅमलहून किंचित अधिक आहे. काचेवर ओरखडे उमटले तर ते मंजन कोणाच्याच दातांवर चोळण्यास योग्य नाही. ओरखडे उमटले नाहीत तरी उघड्या डेंटिनला ते निर्धोक ठरले असे मात्र समजू नये. ही परीक्षा नापास करण्यापुरतीच उपयोगी आहे. आमच्या जुन्या मंजनाने काचेवर धुकट जाळे उमटवले. ते मंजन आम्ही बंद केले.

राखुंडी, कोळसा व मिसरी यांचा उल्लेख न केलेलाच बरा, असे वाटले होते. परंतु ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांत, मिसरी अजून गेलेली नाही. दंतमंजनात व पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास १९९२ मध्ये केंद्र शासनाने बंदी घातली, तरी घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूस कायदा पोहोचत नाही. मिसरीत घर्षण आणि निकोटिन या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. एक दात झिजवते, दुसरी झोप बिघडवते.

आंबट पदार्थांविषयी पथ्य सांगताना आपण चिंच, कैरी, कोकम, लोणचे यांची नावे घेतो आणि आपल्याच औषधांना विसरतो. सकाळचे लिंबू-मधपाणी, आवळ्याचा रस, त्रिफळेचा काढा तोंडात दीर्घकाळ धरणे, रात्री झोपताना घेतलेली आसवारिष्टे, ही सारी आम्लधर्मी आहेत. तोंडातील आम्लता साडेपाच या अंकाच्या खाली गेली की इनॅमल विरघळू लागते, डेंटिन त्याहूनही आधी. झोपेत लाळ अत्यल्प सुटते, त्यामुळे झोपताना घेतलेले आम्ल धुतले जात नाही. ही औषधे बंदच करावीत असे आमचे म्हणणे नाही. झीज असलेल्या रुग्णास आवळ्याचा रस जेवणासोबत द्यावा, आसवारिष्ट पुरेसे पाणी मिसळून भोजनोत्तर द्यावे, रात्री निजतेवेळी देऊ नये, आणि घेतल्यावर साध्या पाण्याने चूळ भरण्यास सांगावे. मात्र लगेच दात घासू नयेत. मऊ झालेला पृष्ठभाग लाळेने सावरण्यास वेळ लागतो, तोवर किमान अर्धा तास जाऊ द्यावा.

मग दात घासावेत कशाने? मऊ ब्रश, फ्लोराइडयुक्त साधी पेस्ट, हलका हात. कळ अधिक असेल तर पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट. तिचा गुण दोन ते चार आठवड्यांत येतो, हे विक्रेत्याने सांगितले नाही तर ग्राहक आठ दिवसांत ती टाकून देतो. फ्लोराइड म्हणताच आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडतात. दातांवर डाग पडतात ते लहानपणी, दात घडत असताना, पोटात गेलेल्या अतिरिक्त फ्लोराइडने. प्रौढाच्या उगवलेल्या दातावर वरून लागलेल्या पेस्टने ते पडत नाहीत. लहान मुलांस मात्र पेस्ट अगदी थोडी द्यावी आणि गिळू देऊ नये.

रक्षण : तोंडातील चिलखत

वाढती झीज थांबवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आपल्या हातात नाही, तो दंतवैद्याकडे आहे. दातांचा साचा घेऊन कठीण ॲक्रिलिकची पट्टी बनवतात. ती संपूर्ण दंतपंक्ती झाकते आणि रात्री तोंडात घालून निजावयाचे असते. लोक तिला नाइटगार्ड म्हणतात. ही पट्टी दात खाण्याची क्रिया थांबवीत नाही. ती स्वतः झिजते आणि दात वाचवते, एवढेच तिचे काम, आणि ते मोठे आहे. रुग्णास हे आधी सांगितले नाही तर पट्टीवर ओरखडे दिसताच तो ‘गुण नाही’ म्हणून ती पेटीत ठेवतो.

औषधाच्या दुकानात गरम पाण्यात मऊ करून चावून बसवण्याच्या तयार पट्ट्या मिळतात. त्या रात्री-दोन रात्रींच्या सोयीच्या आहेत, कायमच्या वापराच्या नाहीत. मऊ पट्टी काहीजण चघळत बसतात आणि स्नायू अधिकच थकतात. फक्त पुढचे दात झाकणारी पट्टी महिनोन्महिने वापरली तर दात जागेवरून सरकतात. घोरणाऱ्या रुग्णाचे निद्रापरीक्षण पट्टीच्या आधी व्हावे, कारण वरच्या जबड्यावरील पट्टीने काही रुग्णांत श्वासरोध वाढू शकतो. पट्टी थंड पाण्याने धुवावी, उकळत्या पाण्यात घालू नये, आणि तेलाचे गंडूष केल्यावर तोंड स्वच्छ धुऊन मगच ती घालावी.

दात नीट बसावेत म्हणून चांगले दात घासून कमी करण्याचा सल्ला कोठे मिळाला तर रुग्णाने दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यावे. घासलेले परत येत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू आहे.

झिजलेल्या दातांची दुरुस्ती हा दंतवैद्याचा प्रांत असल्याने त्याविषयी मोजकेच लिहितो. थोडी झीज असल्यास दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट चिकटवून कडा पुन्हा उभारतात, दात कापावा लागत नाही. फार झीज असेल तर कॅप, आणि शीर उघडी पडली असेल तर आधी रूट कॅनाल. पुढचे दात झिजून जागाच उरली नसेल तर ते किंचित उंच उभारले जातात. मागच्या दाढा आरंभी टेकत नाहीत, पण काही महिन्यांत वर सरकून पुन्हा जुळतात. नॉर्वेतील डाल यांनी १९७५ च्या सुमारास मांडलेली ही युक्ती अनेक दातांना कापण्यापासून वाचवते. रुग्णास ‘घास चुकल्यासारखा वाटतो’ म्हणून तो घाबरून आपल्याकडे आला तर त्यास धीर द्यावा आणि त्याच दंतवैद्याकडे परत पाठवावे. दुरुस्तीनंतर पट्टी न वापरल्यास महागडी कॅपदेखील फुटते.

आपला वाटा

मग वैद्याने करावयाचे काय उरते? पुष्कळ उरते. तैलगंडूषाच्या गुणांत चरकाने हनूचे बल, दातांत शूळ न होणे, आंबटाने दात न आंबणे आणि कठीण पदार्थ चावता येणे यांची गणना केली आहे. वाग्भटाने दंतहर्षात तिळाचा कल्क मिसळलेले कोमट किंवा थंड पाणी धारण करण्यास सांगितले आहे. रात्री दात स्वच्छ केल्यावर कोमट तिळतेल तोंडात भरून, न खळखळवता, पाच ते दहा मिनिटे धरावे. गंडूष व कवल यांतील भेद येथे पाळावा. जबडा थकलेला असताना त्यास आणखी खळखळण्याचे काम देण्यात अर्थ नाही. कळ पुष्कळांत कमी होते, तोंडाचा कोरडेपणा जातो. इनॅमल वाढत नाही.

चर्वणस्नायूंवर व कानशिलांवर नारायण तेलाने हलका अभ्यंग आणि ओल्या गरम फडक्याने शेक, हा सकाळच्या आखडलेपणावरचा उत्तम उपाय आहे. निजताना काशाच्या वाटीने पायांस तूप चोळणे हे आजीबाईचे औषध म्हणून हसण्यावारी नेऊ नये. ज्यांची झोप मोडकी आहे अशा कित्येकांना त्याने स्वस्थ निजलेले आम्ही पाहिले आहे. नस्य, शिरोधारा, अश्वगंधा, जटामांसी यांची योजना प्रकृतीनुसार करावी. मात्र या उपायांनी दात खाणे बंद होतेच, असे छातीठोक सांगण्याइतका पुरावा आज हाती नाही. झोप सुधारते, ताण उतरतो आणि काहींत आवाज कमी होतो, एवढे सांगावे. तगर, सर्पगंधा यांसारखी निद्राजनक द्रव्ये श्वासरोध असलेल्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णास देऊ नयेत. दिवसाही कित्येकजण संगणकासमोर, वाहन चालवताना नकळत दात आवळून बसतात; ओठ मिटलेले आणि दात अलग, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती रुग्णास आरशासमोर दाखवून द्यावी.

मुलांविषयी एक शब्द. मूल झोपेत दात खाते म्हणजे पोटात जंत, ही समजूत घरोघरी आहे. जंताची अन्य लक्षणे असतील तर जंताचे औषध अवश्य द्यावे, आणि शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय जंतनाशक दिनी गोळी मिळत असतेच. परंतु दात खाणे हे एकटे लक्षण जंताचा पुरावा होत नाही. बहुतेक मुलांची ही सवय वयाबरोबर आपोआप जाते आणि दुधाचे दात तसेही पडावयाचे असतात. मूल तोंडाने श्वास घेत असेल, घोरत असेल, तर घशातील व नाकामागील गाठी तपासून घ्याव्यात.

आमच्या त्या रुग्णाचे पुढे काय झाले, ते सांगतो. निद्रापरीक्षणात मध्यम प्रमाणात श्वासरोध निघाला. तंबाखू सुटण्यास वर्ष लागले, मध्ये दोनदा ती पुन्हा सुरू झाली. वजन नऊ किलो उतरले. दंतवैद्यांनी पुढचे सहा दात कॉम्पोझिटने उभारले आणि पट्टी दिली. गळीत हंगामात रात्रपाळी लागली की दात खाणे वाढते, हे पट्टीवरील ओरखड्यांतून दरवर्षी दिसते. पहिली पट्टी तीन वर्षांत झिजून तडकली, आता दुसरी चालू आहे. पहिल्या वर्षी घेतलेल्या दातांच्या साच्याशी आम्ही दर सहा महिन्यांनी त्यांचे दात ताडून पाहतो. सुळ्यांची लांबी तेवढीच आहे. पत्नी आता त्याच खोलीत निजतात, पण दाराजवळच्या खाटेवर.